कोण उठत नव्हतं रे?

(पत्र थोडं कमी करून, गावाचं नाव काढून देत आहोत.)

मावशी, मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. वय २७. धाकटा भाऊ १९ वर्षांचा. छत्रपती संभाजीनगरला कॉलेजला आहे, तिघा मित्रांसोबत खोली करून राहतो. पोळ्याला घरी आला तेव्हा महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला मी त्याचा फोन घेतला. ओटीपी त्याच्याच नंबरवर येतो. गुगल उघडलं तर खाली जुने सर्च ओळीनं दिसले. ‘बटन गोळी काय असते’, ‘एमडी लघवीत किती दिवस दिसते’, ‘गोळी खाल्ली मित्र उठत नाही’, ‘गोळी सापडली तर किती शिक्षा’, ‘गोळी एकदम बंद केली तर काय होते’. फोन तसाच ठेवला. फॉर्मसुद्धा अर्धा राहिला. तो परत गेला आणि मी त्याला एक शब्द विचारला नाही.

तेव्हापासून तीन रात्री मीच शोधायलेय. लघवी तपासायचं किट मागवून गपचूप तपासू का? स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत नशा सोडवा’ असं लिहिलेलं आहे, ती पुडी चालते का? अण्णांना (वडिलांना) सांगितलं तर ते त्याला घरी आणून कोंडून ठेवतील, वर शिक्षण बंद. न सांगावं तर पाप लागल्यासारखं वाटतं. तो घेतोय की नुसतं बघतोय, हे कसं ओळखायचं? आणि हे सगळं मी दुकानाच्याच कॉम्प्युटरवर शोधलंय, माझ्यावर तर काही येणार नाही ना?
– एक बहीण

पोरी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी संपवते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. गुगलवर ‘बटन गोळी’ शोधली म्हणून कुणावर गुन्हा दाखल होत नाही. आपल्याकडे यासाठी १९८५ चा कायदा आहे, एनडीपीएस म्हणतात त्याला. बाळगणं, विकणं, वाहून नेणं, पिकवणं, सेवन करणं, धंद्याला पैसा पुरवणं, दुसऱ्याला त्यात हातभार लावणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. माहिती वाचणं त्यात कुठंच नाही. ‘माल आहे का, कितीला देतोस’ असं कुणाला मेसेज करून विचारलं तर ते सौद्याकडं जातं, आणि असे मेसेज पोलीस पुरावा म्हणून कोर्टात मांडतात. तू तसलं काही केलेलं नाहीस. दुकान उघड, लोकांचे सातबारे काढ.

आता स्वतःकडेच जरा लांबून बघ. भावाला विचारायचं ते तू रात्री दोनला गुगलला विचारायलीस. तोही त्याच्या खोलीत, त्याच वेळेला, तेच करत असणार. एकाच माउलीची दोन लेकरं एकाच गोष्टीला भिऊन दोन गावांत दोन पडद्यांसमोर बसली आहेत. तुझ्या पत्रात मला हेच सगळ्यात आधी दिसलं, गोळ्या नंतर.

मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. हे पद काय असतं ते खुद्द दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. गरिबांची बिलं माफ करून देणारी बाई, अशी माझी ओळख. त्यामुळं जे प्रश्न डॉक्टरला विचारायची लाज वाटायची ते माझ्या टेबलाशी यायचे. नशेचा प्रश्न घेऊन आलेला माणूस लांबून ओळखू यायचा. ओपीडीची रांग संपेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहायचा. केसपेपर काढायचा नाही, कारण केसपेपरवर नाव येतं. जवळ येऊन म्हणायचा, “म्याडम, आमच्या गल्लीत एक जण हाय...” कधी पुतण्या, कधी मेहुणा, कधी गल्लीतला एक जण. स्वतःसाठी विचारणारा मला सगळ्या नोकरीत बोटावर मोजण्याइतका भेटला. गुगलनं एवढंच केलंय की केसपेपर लागत नाही आणि भिंतीला टेकावं लागत नाही. विचारणारा माणूस तोच आहे.

म्हणून ‘घेतोय की नुसतं बघतोय’ याचं उत्तर सर्चच्या यादीतून तुला मिळणार नाही. मिळेल असं जो सांगेल तो थापा मारतोय. पण यादी वाचता येते. पाचही ओळी एका माणसाच्या मनातून आल्या असल्या तरी पाचही एकाच गोष्टीबद्दल नाहीत.

‘बटन गोळी काय असते’ हे नवख्या माणसाचं विचारणं आहे. जो रोज घेतो त्याला हे विचारावं लागत नाही. आपल्याकडे बटन म्हणतात त्या बहुतेक नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या असतात. मालेगावकडे ज्याला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम, त्याच कुळातली. या मुळात औषधं आहेत. झोप न येणाऱ्याला, फिट येणाऱ्याला, घबराट होणाऱ्याला डॉक्टर मोजून देतात. २०१४ पासून त्या एच-१ यादीत आहेत, म्हणजे मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, दिल्या तर डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या हे वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. शिवाय त्या एनडीपीएसच्या यादीतही आहेत. म्हणजे तीच पट्टी एकाच्या खिशात औषध असते आणि दुसऱ्याच्या खिशात गुन्हा. पोरांना यातलं निम्मंच कळतं. ‘मेडिकलमध्ये मिळते म्हणजे साधी असणार’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता ते कानाला लागतसुद्धा नाही.

दुसऱ्या ओळीतली एमडी ही निराळीच चीज आहे, आणि इथं शब्दानंच घोटाळा केलेला आहे. महाराष्ट्रात एमडी किंवा म्याऊ म्याऊ म्हणतात ते मेफेड्रोन. इंग्रजीतून शोधायला गेलं की समोर येतं एमडीएमए, ते वेगळं रसायन, वेगळा परिणाम. पोरगं वाचतं एकाची माहिती आणि खोलीत पुडी असते दुसऱ्याची. बटनचं तर विचारूच नकोस. त्या शब्दानं शोध घेतला की आधी सदऱ्याची बटनंच समोर येतात. गल्लीतली नावं गल्लीपुरती असतात, त्यांच्या पुढची माहिती मिळवायला औषधाचं खरं नाव लागतं, आणि ते नाव सांगायला कुणी नसतं.

मराठीत शोधलं तर काय सापडतं ते तू तीन रात्री बघितलंच आहेस. धाड, साठा, कोटी. २०२३ च्या ऑक्टोबरात संभाजीनगर आणि पैठणमध्ये सुमारे २५० कोटींचा माल पकडला, ती बातमी सगळ्यांना पाठ आहे. २०२५ मध्ये चाकूर तालुक्यात एका गावात एमडीचा कारखानाच निघाला, तुळजापूरचं ड्रग्जचं प्रकरण निघालं, तेव्हाही पान भरभरून छापून आलं. तुरीच्या पट्ट्यात लपवून लावलेल्या गांजाची बातमी तर दरवर्षी पिकासारखी येते. या बातम्या खोट्या नाहीत, यायलाच पाहिजेत. पण रात्री दोनला ज्याचा मित्र हलत नाही त्याला अडीचशे कोटींचा काय उपयोग? त्याला एक ओळ पाहिजे असते आणि ती ओळ आपल्या भाषेत बातम्यांच्या ढिगाखाली गाडलेली असते. मग तो रूममेटला विचारतो. रूममेटला सगळंच माहीत असतं.

गांजाचं ज्ञान पूर्वी चिलमीबरोबर वडीलधाऱ्यांकडून यायचं. जत्रेत, मठीत बसलेला म्हातारा सांगायचा, इतकंच ओढ, रिकाम्या पोटी नको. त्या म्हाताऱ्याचं मी गुणगान करणार नाही. ‘देवाचं झाड हाय, कायबी होत न्हाई’ हेही तोच सांगायचा. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या पोरांना भास होताना, कुणीतरी आपल्या मागावर आहे म्हणत वॉर्डात भिंतीला पाठ लावून बसताना मी पाहिलंय. पण निदान चुकीचं सांगणारा तरी समोर बसलेला असायचा. गोळीच्या बाबतीत तेवढंही नाही.

तुझ्या यादीतली तिसरी ओळ मी चार वेळा वाचली. ‘गोळी खाल्ली मित्र उठत नाही.’

पोरी, बाकीच्या ओळी उत्सुकतेच्या असू शकतात, भीतीच्या असू शकतात. ही ओळ कुणी उत्सुकतेनं लिहीत नाही. त्या रात्री त्या खोलीत काहीतरी घडलेलं आहे. तुझा भाऊ तिथं होता आणि शुद्धीवर होता. इतका की फोन हातात घेऊन मदत शोधत होता. तू ही यादी बघून ‘हा बिघडला’ असं वाचलंस. मला तिच्यात एक घाबरलेला पोरगा दिसतो, ज्याला त्या घटकेला बहिणीला फोन करावा असं वाटलं नाही. का वाटलं नाही, ते तुझ्या पत्रातच आहे. अण्णा कोंडतील, शिक्षण बंद करतील. हे तुला माहीत आहे तसं त्यालाही माहीत आहे.

त्याला त्या रात्री जे सापडायला हवं होतं ते इथं लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाला आज रात्री लागेल. हाक मारून, खांदा जोरात हलवून माणूस उठत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश असेल, घशातून घुर्र आवाज येत असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर ती झोप नाही. पोरं घोरण्याला गाढ झोप समजतात आणि सकाळपर्यंत वाट बघतात. १०८ ला फोन करायचा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनळीत जाणार नाही. एकटं सोडायचं नाही. तोंडात काहीही घालायचं नाही. दूध नाही, लिंबू नाही, मिठाचं पाणी तर मुळीच नाही. बेशुद्ध माणसाच्या पोटात ते जात नाही, फुप्फुसात जातं. झोपेच्या गोळीवर दारू घेतलेली असेल तर धोका दुपटीचा समजायचा, कारण दोन्ही श्वास मंद करतात. आणि पट्टी, बाटली, जे काही सापडेल ते सोबत न्यायचं. डॉक्टरला खरं सांगायचं. ‘काहीतरी खाल्लं वाटतं’ या वाक्यानं अर्धा तास वाया जातो.

दवाखान्यात नेलं की पोलीस येतील, ही पोरांची भीती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. अशी केस आली की डॉक्टर एमएलसी करू शकतात, म्हणजे पोलीस चौकीला कळवलं जातं. ते कागदपत्र आहे, आरोपपत्र नाही. पण त्याच भीतीनं उशीर झालेली पोरं मी पाहिली आहेत. सोबतचे मित्र गेटवर सोडून पळून गेलेले, नाव-पत्ता कुणालाच माहीत नाही, आणि आई-बापांचा शोध दुसऱ्या दिवशी दुपारी लागलेला.

‘किती शिक्षा’ हेही त्याला कळू दे. गांजा किंवा अशा गोळ्या सेवन केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेरॉइन, कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाळगण्याची शिक्षा मालाच्या वजनावर ठरते आणि वजन वाढलं की दहा-वीस वर्षांची गोष्ट होते. मेफेड्रोनचं तर दोन ग्रॅमपर्यंतच कमी प्रमाण धरतात, ५० ग्रॅमच्या पुढं व्यापारी. दुसऱ्याची पिशवी ‘जरा ठेव’ म्हणून ठेवून घेणाऱ्या पोराला हे आकडे माहीत नसतात, ज्याची पिशवी असते त्याला बरोब्बर माहीत असतात. याच कायद्यात ६४-अ नावाचं एक कलम आहे. व्यसनात अडकलेला माणूस, ज्याच्यावर सेवनाचा किंवा कमी प्रमाण बाळगण्याचाच आरोप आहे, तो सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. १९ वर्षांच्या पोराला शिक्षेचं कलम मित्र सांगतात. हे कलम कुणी सांगत नाही.

आता पाचवी ओळ, ‘एकदम बंद केली तर’. ही वाचून मला अण्णांची जास्त काळजी वाटली. घरी आणायचं, खोलीत कोंडायचं, चार दिवसांत ठिकाणावर येतो, ही आपल्या भागातली जुनी रीत. गांजाला एक वेळ त्यात फक्त चिडचिड आणि झोपमोड होईल. पण या झोपेच्या गोळ्या कुणी कित्येक आठवडे रोज घेत असेल आणि त्या एका दिवसात बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर होतं तसंच. या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात, पायरी पायरीनं. अण्णांचा राग चुकीचा आहे की बरोबर, हे सोडून दे, त्यांचा इलाज घातक आहे. त्यांना कधी ना कधी सांगावंच लागलं तर सुरुवात इथून कर. “कोंडू नका, फिट येते” हे वाक्य बापाला ‘रागावू नका’पेक्षा लवकर पटतं.

आज मात्र अण्णांना सांगू नकोस. काय सांगणार? तुला अजून काही माहीतच नाही.

लघवीचं किट मागवू नकोस. नकळत तपासायला तू त्याची लघवी आणणार कुठून, हा साधा प्रश्न आधी स्वतःला विचार. बरं, मिळाली. गांजा एकदा-दोनदा ओढला तर थोडे दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याचा कित्येक आठवडे दिसतो. बाजारातल्या बऱ्याच साध्या किटना मेफेड्रोन कळतच नाही. काही साधी औषधंही खोटी रेघ उमटवतात. म्हणजे रेघ आली तरी तू गोंधळणार, नाही आली तरी झोपणार नाहीस. आणि हे त्याला कळलं तर पुढच्या वेळी कुणी उठत नसताना तो तुला फोन करील का?

‘नकळत नशा सोडवा’वाल्या पुडीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. भिंतीवर, बसच्या पाठीवर ही जाहिरात आयुष्यभर बघत आले. त्या पुडीत काय असतं ते पुडीवाल्यालाही सांगता येत नाही. दारूसाठीच्या पुड्यांत कधी डायसल्फिराम मिसळलेलं असतं. ते खरं औषध आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. एक बाई वरणात कालवून द्यायची. नवरा लग्नाच्या वरातीत कोसळला तेव्हा तिला वॉर्डात डॉक्टरांना सांगायची हिंमत होत नव्हती. माझ्या टेबलाशी येऊन ती नुसती पदर चावत बसली. नवरा वाचला. पण त्यानं पुढं वर्षभर बायकोच्या हातचं खाल्लं नाही. आणि झोपेच्या गोळीवर तर अशी कुठली पुडी नाहीच. नाही म्हणजे नाही.

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार की हे आपल्याच घरात का. दिल्लीच्या एम्सच्या लोकांनी केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. वर्षभरात भांग, गांजा, चरस यांतलं काहीतरी घेतलेले लोक सुमारे तीन कोटी निघाले, दारूचे सोळा कोटी. आणि दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकानं कसली तरी मदत घेतलेली. उरलेल्या सदतीस घरांमध्ये तुझ्यासारखंच कुणीतरी रात्री जागं असणार.

मग करायचं काय? तर त्याच्याकडं जा. फोनवर हे बोलणं होत नाही, आणि तो घरी येईल तेव्हा घरात अण्णा असतात. जिंतूरहून मंठा-जालना करत जाणारी एसटी आहे, बायकांना अर्धंच तिकीट आहे, एक दिवस दुकान बंद राहिलं तर गाव बुडत नाही. डब्यात धपाटे ने. खोलीवर जाऊ नकोस. तिथं तिघं मित्र आहेत आणि त्यांतलाच कुणी तो ‘मित्र’ असेल. बाहेर बोलाव. चहाच्या टपरीवर समोरासमोर नको, शेजारी बसा, रस्त्याकडं तोंड करून. आपल्याकडची पोरं डोळ्यात बघून खरं बोलत नाहीत, चालता चालता बोलतात.

‘तू गोळ्या घेतोस का’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘न्हाई’ असंच येणार. खरं असलं तरी, खोटं असलं तरी. आणि एकदा न्हाई म्हटलं की त्याला ते निभवावं लागतं. आधी तुझी बाजू मोकळी कर. “फॉर्म भरताना तुझं सर्च दिसलं. मुद्दाम बघितलं न्हाई, पण बघितलं. अण्णाला सांगितलं न्हाई.” मग थांब. मग एवढंच विचार, “त्या दिवशी कोण उठत नव्हतं रे?”

तो गप्प बसेल. बसू दे. चहा दुसरा सांग. या प्रश्नात त्याच्यावर आरोप नाही, आणि त्या रात्रीचं ओझं त्यानं एकट्यानं उचललंय, हे तुला कळलंय, एवढं त्यात आहे. तो मित्राबद्दल बोलायला लागला की त्यातच त्याचं स्वतःचंही येईल, आलं तर. नाही आलं तरी हरकत नाही. ‘मित्र’ या शब्दाची उलटतपासणी करू नकोस. माझ्या टेबलाशी आलेल्या ‘गल्लीतल्या एका’ला मी कधी खोटं पाडलं नाही. त्या एकाला जे सांगायचं ते सांगायचे, आणि समोरचा माणूस ते मन लावून ऐकायचा.

एकदाच चुकले. कॉलेजचा पोरगा होता, नीटनेटका, भांग पाडलेला. त्यानं विचारलं, “रक्तात किती दिवस राहतं?” मी म्हटलं, “असले धंदे करायचे कशाला?” तो “बरं म्याडम” म्हणाला आणि उठला. खुर्ची सरळ करून गेला. परत आला नाही. त्याला नोकरीची तपासणी होती, की कुणाला रक्त द्यायचं होतं, की सोडायचं होतं, मला आजतागायत माहीत नाही.

तुझा भाऊ बोलला आणि त्यातून असं निघालं की तो किंवा मित्र रोज घेतोय, तर संभाजीनगरातच आहात, घाटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचा मानसोपचार विभाग आहे. तिथं केसपेपरला अगदी थोडे पैसे लागतात, आणि डॉक्टरनं रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. त्या कायद्यात नशेचा आजारही येतो. हे वाचणारे लातूर, नांदेड, अंबाजोगाईकडचे असाल तर तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातही हा विभाग आहे. भरतीच करायची वेळ आली तर केंद्र नोंदणी असलेलं आहे का ते आधी विचारायचं. साखळीनं बांधणारी, मारहाण करणारी केंद्रं अजून चालतात, आणि बांधून ठेवणं त्याच कायद्यानं गुन्हा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी काढलं ते याच साठी. तेव्हा गर्दनं (ब्राऊन शुगरनं) पोरं चालली होती आणि आई-बापांना विचारायला जागा नव्हती. आपल्याकडची बरीच घरं आजही तिथवर जातात.

आधी नुसतं विचारायचंच असेल तर फोन आहे. १४४४६ हा नशामुक्तीचा, फुकट. टेलि-मानस १४४१६, तिथं मराठीतून बोलता येतं, रात्रीसुद्धा. १९३३ हाही ‘मानस’ नावाचाच आहे, पण तो अंमली पदार्थविरोधी खात्याचा. तिथं मदतही सांगतात आणि विक्रेत्याची खबरही घेतात. नावं सारखी ठेवून सरकारनं काय साधलं देव जाणे. घाबरलेल्या पोराला पहिल्यांदा १४४१६ दे. तू स्वतः आधी लावून बघ. तुलाही तीन रात्रींचं कुणाशी तरी बोलायचंच आहे, आणि तिथं कुणी ‘गल्लीतल्या एका’चं नाव विचारत नाही.

हे तिन्ही नंबर तू दुकानात, झेरॉक्सच्या दरपत्रकाखाली लिहून ठेव. तुझ्याकडं गावातली सगळी पोरं फॉर्म भरायला येतात. कुणी काही बोलणार नाही, पण एखादं पोरगं फोटो काढून नेईल.

आणि तो स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धाच राहिलाय. मुदत कधीची आहे ते बघ, उत्पन्नाचा दाखला सोबत घेऊन जा. टपरीवरच बसून त्याच्या हातानं भरून घे. ओटीपी त्याच्याच फोनवर येणार आहे.

– मावशी